‘खोका’ म्हणणाऱ्यांस

आमच्या वसाहतीतील वाचनालयाच्या कोपऱ्यात एक जुना दूरदर्शन-संच उभा आहे. सागवानी रंगाची लाकडी पेटी, तिरके चार पाय आणि पुढे दोन बाजूंस सरकणारे पट्ट्यापट्ट्यांचे दार. निर्मात्याच्या नावाची पितळी पट्टी इतकी झिजली आहे की अक्षरे लागत नाहीत. संच बंद पडून कित्येक वर्षे लोटली. गेल्या महिन्याच्या सभेत तो भंगारात काढण्याचा ठराव पुढे आला आणि त्याच्या समर्थनार्थ एका विद्वान सहकाऱ्यांनी लहानसे व्याख्यानच दिले. जुन्या संचांत जतन करण्याजोगे असे अमेरिकेत, जर्मनीत, इटलीत पुष्कळ झाले, आपल्याकडे झाले ते निव्वळ खोके, असा त्यांचा सिद्धान्त. सभेने टाळ्या वाजविल्या. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो, याची आम्हांस लाज वाटते. म्हणून हा लेख.

प्रथम प्रतिपक्षाचे देणे देऊन टाकू. परदेशी पेट्या सुंदर होत्या, हे आम्हांस मान्य आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आर.सी.ए. कंपनीने जॉन व्हॅसॉस यांनी आखलेला टीआरके-१२ हा संच मांडला. त्या काळची चित्रनळी एवढी लांब असे की ती आडवी ठेवली तर पेटी भिंतीपासून हातभर पुढे यावी. म्हणून नळी उभी बसविली, पेटीच्या झाकणाला आतून आरसा लावला आणि प्रेक्षकांनी आरशातील प्रतिबिंब पाहावे अशी योजना केली. पाहणाऱ्यांस यात काही हातचलाखी आहे असे वाटू नये, म्हणून त्याच संचाची एक पारदर्शक पेटीही तेथे ठेवली होती. १९५० सालचा इंग्लंडमधील बुश कंपनीचा टीव्ही-२२ पाहा. अवघ्या नऊ इंची काचेभोवती तपकिरी बेकेलाइटची गोलसर कमान, जणू एखादे सुबक देवघर.

पुढे नळी आखूड झाली आणि आखणी करणाऱ्यांचे हात मोकळे झाले. १९५८ साली फिल्को कंपनीने प्रेडिक्टा काढला. त्यात चित्रनळी पेटीतून अजिबात बाहेर काढून एका दांड्यावर बसविली होती. मान वळवावी तशी ती वळे. पश्चिम जर्मनीतील कुबा कंपनीच्या कोमेटला तर शिडाच्या जहाजाचा आकार होता. वरचे शीड फिरे आणि खालच्या कपाटात रेडिओ व तबकडीवादक असे. १९६४ साली मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी ब्रिओनव्हेगासाठी अल्गोल आखला. जमिनीवर ठेवला तरी त्याचा पडदा तिरपा वर पाहतो. मालकाकडे मान वर करून पाहणाऱ्या कुत्र्याची उपमा त्याला देतात, ती अगदी यथार्थ आहे.

इतके कबूल केल्यावर आमचा सवाल असा : पेटीचे सौंदर्य कोणत्या वेळी पारखावे? आमचे सहकारी ते चित्र चालू असताना, किंवा खरे सांगायचे तर विक्रीच्या छायाचित्रात, पारखतात. परंतु चित्र चालू असताना पेटीकडे पाहतो कोण? डोळे काचेवर असतात. पेटी दिसते ती संच बंद झाल्यावर. आणि ज्या काळाविषयी आपण बोलत आहो त्या काळी संच दिवसाचा बहुतेक वेळ बंदच असे. तेव्हा कसोटी एकच : संच बंद असता ती वस्तू घरात कशी वागते?

या कसोटीला प्रेडिक्टा उतरत नाही. दिवा विझल्यावर ती करडी नळी दांड्यावर तशीच टक लावून उभी राहते. तिची कीर्ती मोठी, पण बिघाडांचीही तितकीच. थोड्याच वर्षांत तिचे उत्पादन थांबले आणि १९६१ साली कंपनी फोर्डच्या ताब्यात गेली. कोमेट तर दिवाणखान्यात पाहुणा होऊन येतो आणि यजमान होऊन बसतो. या कसोटीवर खरे गुण मिळतात ते टीआरके-१२ ला. झाकण मिटले की ते एक सभ्य कपाट होते.

आता आमच्या खोक्याकडे वळू. दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. सत्तरीच्या दशकात देशी संच घरोघर येऊ लागले. ज्या हैदराबादेत आम्ही नोकरीनिमित्त राहतो, तेथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी त्यांतीलच एक निर्माती. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे २,४०० खेड्यांत जो दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्याचे संचही तिने पुरविले. या सर्व संचांची पेटी एका साच्याची नव्हती. परंतु मध्यमवर्गीयाच्या स्मरणात जी राहिली ती सरकत्या दाराची.

ते दार म्हणजे काय, हे आमच्या सहकाऱ्यांनी एकदा हात लावून पाहावे. लाकडाच्या अरुंद पट्ट्या कापडावर शेजारी शेजारी चिकटविलेल्या, वरखाली खोबणी, दार सरकवले की ते वळून पेटीच्या कुशीत नाहीसे होई. पावसाळ्यात ते अडके, मग खोबणीत मेणबत्ती चोळावी लागे. ही युक्ती आपण शोधली असे आम्ही म्हणत नाही; दाराच्या पेट्या परदेशीही होत्या. परंतु तेथे ते दिवाणखान्याची शोभा राखण्यासाठी होते. येथे, जेथे एकच खोली दिवसा बैठकीची, संध्याकाळी अभ्यासाची आणि रात्री निजण्याची, तेथे त्या दारावर घराचा व्यवहार चाले.

आमचे वडीलही केंद्र सरकारच्या नोकरीत होते. जबलपूर, रायपूर, कटक अशा बदल्यांत तो संच आमच्याबरोबर फिरला. पाय काढून गोणपाटात गुंडाळायचे, दार लावून किल्ली आईने कनवटीला खोचायची, आणि नव्या क्वार्टरमध्ये प्रथम देवाची जागा ठरली की दुसरी त्याची. १९९६ साली गावाकडे आजोबा वारले. रजा वेळेवर मंजूर झाली नाही आणि वडिलांना अंत्यदर्शन घडले नाही. तार हाती आली त्या संध्याकाळी वडिलांनी काही न बोलता संचाचे दार ओढून घेतले व किल्ली फिरविली. तेरा दिवस ते दार मिटलेले होते. त्या परमुलखात आमच्या घरी सुतक आहे हे सांगणारे दुसरे काहीही नव्हते. ना नातलगांची ये-जा, ना शेजारी आपल्या भाषेचे माणूस. कोणी आले तर त्या मिटलेल्या दाराकडे पाहून आवाज हळू करी. वाचकहो, आपणांपैकी किती जणांनी असे सुतक परगावी पाळले असेल! ते कोणत्या वस्तूपुढे पाळले, हे आठवून पाहावे.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. त्याच किल्लीने शेजाऱ्यांची पोरेही बाहेर ठेवली. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण सुरू झाले तेव्हा आमच्या घरी खोली भरे. आणि काही घरांत दार मुद्दाम लावून “संच बिघडला आहे” असे सांगत, हे आईकडूनच आम्ही ऐकले आहे. दार मिटते म्हणजे कोणावर तरी मिटते. हा दोष लाकडाचा नव्हे, तरी तो त्या लाकडाच्या इतिहासात आहे, आणि पेटी जपावयाची तर तोही जपला पाहिजे.

दुसरा आक्षेप किमतीचा. परदेशी संचांना संग्राहक मोठी रक्कम देतात, याला कोणी विचारीत नाही. हा युक्तिवाद व्यापाऱ्याच्या तोंडी शोभेल. आपण कार्यालयात वर्षानुवर्षे निरुपयोगी वस्तूंच्या याद्या करतो. घसारा कापून शून्य किंमत लिहितो, आणि शिक्का मारतो. ती पद्धत फायलीपुरती ठीक आहे. तीच पद्धत घेऊन आपण आपल्या बापजाद्यांच्या बैठकीत शिरलो, तर तेथे शिल्लक काय राहील?

आज भिंतीवर जो काळा पत्रा टांगलेला असतो त्याला पेटीच नाही; मग दार कोठून असणार? तो बंद असतानाही खोलीतील सर्वांत मोठी वस्तू तोच. आम्हीही तो वापरतो, तेव्हा साधुत्वाचा आव आणीत नाही. गेल्या वर्षी वडील गेले तेव्हा आम्ही त्यावर एक चादर टाकली. ती दोनदा घसरून पडली.

सभेपुढे आमची सूचना स्पष्ट आहे. ठराव मागे घ्यावा. संच दुरुस्त करण्याचा खर्च नको, त्यात चित्र यावे असा आमचा आग्रह नाही. खोबणीत मेण चोळावे, उखडलेल्या पट्ट्या सुताराकडून चिकटवून घ्याव्यात, आणि दार उघडमीट करता येईल असे ठेवावे. मजुरी आम्ही देऊ. जे सद्‌गृहस्थ त्याला खोका म्हणतात त्यांनी एकदा ते दार स्वतःच्या हाताने मिटून पाहावे, आणि मग मत द्यावे.