विश्लेषण : केस लावले पुढे, गळती मागे... हेअर ट्रान्सप्लांटनंतर ‘डोनर एरिया’त नेमके काय घडते?

हेअर ट्रान्सप्लांट झाल्यावर सगळ्यांचे लक्ष कपाळाकडे असते. मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींची झोप उडते ती डोक्याच्या मागच्या भागामुळे. जिथून केस काढले, तिथले उरलेले केसही विरळ दिसू लागतात. पेण किंवा रोह्याहून पनवेल, नवी मुंबई, मुंबई गाठून शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाला त्या वेळी डॉक्टर हाताशी नसतो. हाताशी असतो तो मोबाइल आणि त्यावरून पाठवलेले डोक्याचे फोटो. ही गळती कधी स्वाभाविक असते आणि कधी धोक्याची, याविषयी...

मागचेच केस का काढतात?

टक्कल कितीही वाढले तरी कानांच्या वर आणि मागे केसांची झालर शिल्लक राहते. टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाचा परिणाम तिथल्या मुळांवर फारसा होत नाही. ही मुळे पुढे लावली तरी आपला मूळ गुणधर्म टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले. जपानचे शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच अशा रोपणाची नोंद केली होती, पण महायुद्धाच्या धामधुमीत ती जगापर्यंत पोहोचली नाही.

जखम किती मोठी असते?

सध्या प्रचलित असलेल्या एफयूई पद्धतीत ०.७ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक ग्राफ्ट काढला जातो. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. ०.९ मिलिमीटरच्या पंचने २,५०० ग्राफ्ट काढले, तर सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे चार बाय चार सेंटिमीटरची त्वचा सोलली गेल्यासारखे, फक्त ती हजारो ठिकाणी विखुरलेली. ‘टाके नाहीत, जखम नाही’ ही जाहिरात म्हणूनच अर्धीच खरी. टाके नसतात, पण छिद्रे आतून आपोआप भरून यावी लागतात. वरचा थर काही दिवसांत बंद होतो, खपल्या साधारण सात ते दहा दिवसांत पडतात, लाली काही आठवडे राहू शकते. बधिरपणा किंवा मुंग्या त्याहून जास्त काळ टिकतात. त्वचेची पट्टी कापण्याच्या जुन्या एफयूटी पद्धतीत टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात आणि रेघेसारखा व्रण राहतो.

चांगले केस का गळतात?

केस वर्षानुवर्षे वाढतो, काही आठवडे थबकतो आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. शेजारची मुळे काढताना बसलेला धक्का, सूज, भूल देताना टोचलेल्या औषधातील ॲड्रिनलिनने आकसलेल्या रक्तवाहिन्या यांमुळे उरलेली काही मुळे वेळेआधीच विश्रांतीत जातात. यालाच ‘शॉक लॉस’ म्हणतात. तो साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो. मूळ जिवंत असल्याने तीन-चार महिन्यांत केस परततात. पुढे लावलेले केसही याच सुमारास गळतात आणि त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने लागतात.

सगळीच गळती तात्पुरती का नाही?

इथे खरी मेख आहे. काढलेले मूळ परत उगवत नाही. मागचा भाग दाट दिसतो तो शेजारच्या केसांनी रिकामी जागा झाकल्यामुळे. एकाच पट्ट्यातून प्रमाणाबाहेर ग्राफ्ट काढले, तर कसर लागलेल्या कापडासारखे चट्टे कायमचे राहतात. माणसामाणसांत फरक असला तरी मागच्या भागातून आयुष्यभरात सुरक्षितपणे मिळणारे ग्राफ्ट साधारण सहा हजारांच्या आसपास धरले जातात. मार्च २०१९ मध्ये मुंबईत हेअर ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. तेव्हा एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे वृत्त होते. मृत्यूमागे तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त झाला होता, तरीही हा आकडा बोलका आहे.

सहा महिन्यांनंतरही चट्टे तसेच असतील तर ‘थांबा, येतील’ हे उत्तर पुरेसे नाही. पू, ताप, वाढत जाणारी वेदना, पसरणारी लाली किंवा काळी पडणारी त्वचा दिसली, तर फोटो पाठवून वाट पाहू नये. जवळच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

घरी परतल्यावर काय?

क्लिनिकच्या छापील सूचना बहुधा वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. धाटाव एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला सुरक्षा हेल्मेट टाळता येत नाही. त्याचा पट्टा नेमका मागच्या जखमांवर घासतो. पेणच्या गणपती कारखान्यात प्लास्टरची धूळ आणि स्प्रेचा रंग उडत असतो. अशा कामांतून किती दिवसांची सुट्टी लागेल, हे तारीख घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. कोकणातल्या पावसाळ्यात घामाने, ओल्या टोपीने पुटकुळ्या येण्याची शक्यता वाढते. दिवा-रोहा गाडीच्या गर्दीत डोके सांभाळणे हा वेगळाच व्यायाम. आणि हो, घरच्यांनी मायेने पुढे केलेले खोबरेल तेलही डॉक्टर सांगेपर्यंत दूरच ठेवलेले बरे.

शस्त्रक्रिया कोण करू शकतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात स्पष्ट केले. प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोग या शाखांच्या रीतसर प्रशिक्षणावर त्यात भर आहे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. छिद्रे पाडणार कोण, डॉक्टर की तंत्रज्ञ, हे आधी विचारावे. काढलेल्या ग्राफ्टची संख्या, पंचचा व्यास आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे मागच्या भागाचे फोटो लेखी नोंदीसह मागून घ्यावेत. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर मागे किती साठा उरला हे त्याला याच कागदावरून कळते.