जमा आणि नावे

निमोण्याच्या शिरूर तालुक्याने २०२४ साली दोन कौल दिले. कांद्याची निर्यातबंदी ४ मे रोजी उठली, मतदान १३ मे रोजी. पण भाव पडायचे ते पडून गेले होते. लोकसभेला अमोल कोल्हे पुन्हा निवडून आले. नोव्हेंबरात शिरूर विधानसभेला त्यांच्याच पक्षाचे अशोक पवार हरले. मधल्या काळात ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये पासबुकात उमटले होते. ही लाचच, असे शहाणे लोक म्हणतात. बँकेत उमेद घालवलेल्या मला हे पटत नाही. स्वतःच्या खात्यावर रक्कम आली की घरात बाईचा शब्द वजनदार होतो (नवरेही अदबीने बोलतात!). माझा आक्षेप वेळेला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेआधीच एकदम जमा झाले. २१०० रुपयांचे वचन मात्र मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात सापडले नाही. आणि कांद्यात गेलेले पैसे कुणाच्या नावे टाकायचे?