चिठ्ठी जागेवरच लिहा

श्रावण लागला, की आमच्या वाचकांच्या पाठीवर वनस्पती दाबायची प्रेस चढते. कोलाडहून विळेमार्गे ताम्हिणीकडे जाणारे यंदाही पुष्कळ असतील. त्यांच्याकडे एकच मागणे आहे: रोपाला हात लावण्याआधी वही उघडा. ती भिजली तरी चालेल.

कुंडलिकेच्या काठी सकाळी पाहिलेला केणा दुपारपर्यंत मिटतो. निळ्या पाकळ्यांचा नुसता ओला गोळा उरतो. रात्री मुक्कामी आठवून लिहिलेला रंग हा अंदाज असतो, नोंद नव्हे. चवरीचे त्याहून अवघड. तुऱ्याचा गुलाबी शेंडा कागदात तपकिरी पडतो, पिवळे फूल चिकटून बसते. तुरा पानांच्या मधून आला की बाजूने थेट जमिनीतून, कंद आतून कोणत्या रंगाचा, हे चिखलात गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही, आणि पुष्कळदा ओळख तिथेच अडते. म्हणून एक फूल उलगडून वेगळे दाबा, एक-दोन 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. तेरड्याचे रसाळ खोड, फुले बाहेर धरून, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा. टिपकागद रोज बदला. कोकणच्या हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते.

कंदीलपुष्प दिसले तर फोटो घ्या, कंद उकरू नका. वनखात्याची परवानगी खिशात असली तरीही नाही.

आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘कोलाड’ लिहून भागत नाही. जुन्या हर्बेरियम शीटांवर ‘कुलाबा’ असते. 1981 पर्यंत रायगड जिल्ह्याचेच ते नाव होते, तरी मुंबईतल्या कुलाब्याशी गल्लत व्हायला वेळ लागत नाही. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात आला, कोठारी-मूर्ती यांचा रायगड जिल्ह्यावरचा 1993 मध्ये. त्यानंतर महामार्ग रुंदावला, नदीकाठी रिसॉर्ट उभी राहिली. कोणता बांध, कोणता ओढा, किती उंची, हे लिहिलेले नसेल तर तिथे काय होते हे पुढे कोण सांगणार?

शेवळ्याचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या सुमारास फूल येते तेव्हा पानाचा पत्ता नसतो. पान येते तेव्हा फूल संपलेले असते. पूर्ण शीट हवी तर त्याच जागी दोनदा जावे लागते. ती जागा रोह्याच्या बाजारात शेवळ्याच्या जुड्या विकणाऱ्या कातकरी बाईला पाठ असते. तिला विचारा. ती सांगेल ते नाव, तिच्याच उच्चाराने, वाडीच्या नावासकट चिठ्ठीवर लिहा.