पहिलीच्या वर्गाची पहिली सभा

मेअखेरीस, जूनच्या आरंभी बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांत पहिलीची मुले दाखल होतात. कुठे हलगी वाजते, कुठे गुलाबाचे फूल मिळते. पंच मंडळी मराठी टिकली पाहिजे असे सांगतात आणि चहा घेऊन पांगतात. वर्षभर पोराला त्या वर्गात काय शिकवणार, हे मात्र आईबापांना कोणी सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शाळेत गेलो असता एक माऊली पोराचा दाखला मागायला आलेली दिसली. का म्हणून विचारले, तर तिने पिशवीतली वहीच पुढे केली. "बघा की, दोन महिने झाले, वहीत एक ओळ नाही. घरात आलं की नुसती गाणी म्हणतंय. शेजारचं पोरगं कॉन्व्हेंटात जातंय, ते एबीसीडी लिहितंय." बाईंकडे उत्तर होते. पण ते जूनमध्ये द्यायचे, ऑगस्टमध्ये नव्हे. दाखला गेला.

उत्तर साधे होते. कर्नाटकाच्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला 'नली-कली' पद्धत आहे. नली-कली म्हणजे आनंदाने शिक. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली. तिन्ही इयत्तांची मुले एकत्र, गटागटाने बसतात; हातात कार्डे, भिंतीवर शिडी, आणि प्रत्येक मूल आपल्या चालीने एकेक पायरी चढते. गाणे, गोष्ट, खेळ हाच तिथला अभ्यास. वही सुरुवातीला कोरी दिसते ती यामुळे. ही पद्धत सगळीकडे नीट चालते असे मी म्हणणार नाही. एकाच बाईंवर तीन इयत्ता आल्या की तिचे काय होते ते आपण पाहतोच. पण पालकाला ती माहीत तरी हवी!

म्हणून माझे म्हणणे, पहिली सभा वर्गातच घ्या. पालकांना मुलांच्या जागी खाली बसवा, कार्डे हातात द्या, अर्धा तास पाठ घेऊन दाखवा. आणि मिरगाच्या पेरणीत सकाळी अकराला सभा ठेवून "पालक येत नाहीत" अशी तक्रार करू नका. दिवे लागल्यावर बोलवा, आयाही येतील.

तिथे हमखास प्रश्न निघतो, मराठीत घातले तर कन्नड-इंग्रजीचे काय? इंग्रजी हा विषय २००७-०८ पासून पहिलीलाच आहे, हे कितीतरी घरांत ठाऊक नाही. कन्नड २०१५ च्या कायद्याने शिकावेच लागते, आणि ते शिकायला आपली ना नाही. आपली मागणी आहे ती मराठी पालकाच्या हाती पडणारा कागद मराठीत असावा, ही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेचे ३५० अ कलम १९५६ पासून सांगते. पण माध्यम कोणते ते पालक ठरवणार, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, कर्नाटकाच्याच खटल्यात सांगून टाकले. तेव्हा पालकाला दटावून चालणार नाही, त्याला पटवावेच लागेल. आपल्या पुढाऱ्यांची नातवंडे कुठल्या शाळेत जातात, हे मी इथे विचारत नाही. पालक विचारतात.

शाळा सुधारणा समित्या २००१ पासून आहेत, त्यांत पालकच सदस्य असतात. सभेची तारीख त्यांनी चव्हाट्यावरच्या फळ्यावर लिहावी. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या सभेला जावे, भाषण न करता मागे बसावे आणि पालकांनी विचारलेले प्रश्न कागदावर उतरवून आणावेत. पुढच्या बैठकीत ठराव वाचण्याआधी ते वाचू.