दुसरी प्रत कोठें ठेवावी?

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरांत भूकंप झाला, आणि उमरगा व औसा तालुक्यांतील कित्येक गांवांच्या जाड दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारों जीव गेले. जे वांचले त्यांस पुढें घराजमिनीचा हक्क सांगावयाचा होता. अशा वेळीं पेटींतला कागद आणि फडताळांतली त्याची नक्कल हीं दोन्ही एकाच ढिगाऱ्याखालीं असलीं, तर त्या दोन प्रती नव्हत, एकच होय.

आतां सातबारा संगणकावर गेला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळूं लागला. साऱ्या राज्याचे असे उतारे सुमारें अडीच कोटी. सोय मोठी खरी. परंतु पूर्वीं दप्तरास वाळवी लागली तर एका सज्जाचें नुकसान होई, येथें एका घावांत साऱ्यांचें व्हावयाचें. म्हणून एवढ्या प्रचंड संग्रहाची नक्कल कशी राखावी, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे.

पहिली अडचण वेळेची. एक टेराबाईट म्हणजे दहा लक्ष मेगाबाईट. २० टेराबाईटांचा संग्रह सेकंदास २०० मेगाबाईट या वेगानें उतरवूं लागलें, तर जवळजवळ २८ तास लागतात. एक रात्र पुरत नाहीं. यावरील तोड आपल्या पेढ्यांस ठाऊकच होती. खतावणी कोणी रोज नव्यानें लिहीत नसे. रोजकीर्द मात्र चुकत नसे. त्याचप्रमाणें संपूर्ण नक्कल आठवड्यास एकदां, बदललेल्या भागाची रोज, आणि चालू व्यवहारांची रोजकीर्द दर कांहीं मिनिटांनीं घ्यावी. जुन्या, न बदलणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून त्यांच्या प्रती एकदांच नीट करून ठेवाव्या, म्हणजे रोजचा भार हलका होतो.

कित्येकांस वाटतें कीं, दुसऱ्या यंत्रावर क्षणोक्षणीं प्रतिबिंब उमटत असलें म्हणजे झालें. परंतु चुकून पुसलेली नोंद त्या प्रतिबिंबांतूनही तत्काळ पुसली जाते. आणि दोन्ही यंत्रें एकाच इमारतींत असलीं, तर आगीस दोन्ही सारखींच. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालय पेटलें, तेव्हां वरच्या मजल्यांवरील असंख्य फायलींची राख झाली. एक प्रत तरी दूरच्या गांवीं हवी, आणि एक चालू यंत्रापासून तोडलेली हवी.

मात्र बेत आंखतांना आधीं दोन प्रश्न विचारावे: किती वेळचें काम गेलें तर सोसेल, आणि किती वेळ कचेरी बंद राहिली तर चालेल? कारण नक्कल घेणें हें साधन. संग्रह पुन्हां उभा करणें हें साध्य. ज्या नकलेवरून तो कधीं उभारून पाहिला नाहीं, ती उगवण न तपासलेल्या बियाण्यासारखी होय. तिचा दोष पेरणीच्या दिवशींच कळावयाचा.

हाच नियम आपल्या घरासही लागू आहे. खरेदीखतें, मुलांचीं प्रमाणपत्रें, वडील मंडळींचीं छायाचित्रें आज एकाच मोबाईलांत सांठलेलीं असतात. त्यांची एक प्रत परगांवच्या भावाकडे वा लेकीकडे पाठवावी, आणि तेथें ती उघडते कीं नाहीं हें दर दिवाळीस आवर्जून विचारून घ्यावें.