आधी तापमान, मग ब्रँड

दही किंवा इडलीच्या पिठाचा धंदा सुरू करणारे बरेच जण पहिला खर्च लेबल आणि पाकिटावर करतात. माझं मत उलटं आहे. पहिला रुपया तापमानावर घाला.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे लागर बिअर. आपल्याकडे परवान्याशिवाय ती घरी बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे आपण फक्त धडा घ्यायचा.

लागर थंडीतच नीट जमते. म्हणूनच बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी घातली गेली. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतकरण यंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आलं आणि बारमाही उत्पादनाचा रस्ता खुला झाला.

आज परदेशात घरी लागर बनवणारे जुना फ्रिज घेतात आणि त्याला तापमान कंट्रोलर जोडतात. यीस्टला साधारण ९ ते १३ अंश सेल्सिअस लागतं. जास्त झालं की बिअरला फळांसारखा वास येतो. गंमत म्हणजे आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. फ्रिजमधली हवा १० अंश असली तरी भांड्यातली बिअर त्याहून गरम असते. म्हणून जाणकार सेन्सर हवेत लटकवत नाहीत, भांड्याला चिकटवून वरून फोम गुंडाळतात. मोजायचं ते मालाचं तापमान, खोलीचं नाही!

आता आपल्याकडे या. दह्याला विरजण लावताना ४० ते ४३ अंश, इडलीच्या पिठाला ३० च्या आसपास. डिसेंबरात पीठ फुगत नाही, मे महिन्यात तेच भराभर आंबतं. गिऱ्हाईक हवामानाचं कारण ऐकत नाही, सरळ दुसरं दुकान गाठतं.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या आजीनं कधी थर्मामीटर वापरला नाही." बरोबर. पण आजीचं दही आंबट झालं तर घरात कढी व्हायची. तुमचं झालं तर पैसे परत द्यावे लागतात.

म्हणून आधी थर्मामीटर आणि एक वही घ्या. प्रत्येक बॅचची वेळ, तापमान आणि चव महिनाभर लिहा. पहिली बॅच नशिबानंही जमते. तिसावी तशीच निघाली, की मग लेबल छापा.