लग्नमंडपात पुन्हा फिल्म : हौस मोठी, उजेड थोडा

रायपूर - डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मला बाजारातून जवळजवळ हद्दपार केल्यानंतर, आता लग्नाची छायाचित्रे पुन्हा फिल्मवर काढून घेण्याची हौस देशातील काही तरुण जोडप्यांत दिसू लागली आहे. छत्तीसगडच्या राजधानीत अनेक लग्ने ‘मॅरेज गार्डन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिरवळीवर, उघड्या आकाशाखाली लागतात. तेथे ही हौस कितपत निभावेल, हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा नाही. लग्न पुन्हा लागत नाही आणि फिल्मवर काय उमटले, हे त्या क्षणी पाहता येत नाही.

फिल्मचा काळ संपल्याची ग्वाही खुद्द उद्योगानेच दिली होती. कोनिकाने २००६ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात गेली. भारतात उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म विकत असे. तीही टिकली नाही. पुढे वारे काहीसे फिरले. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या हार्मन कंपनीने स्वतःची रंगीत फिल्म बाजारात आणली आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा विक्रीस काढला. तथापि, भारतातील हौशी माणसाला रंगीत रोल आयातच घ्यावा लागतो. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघतात, तर डिजिटल कॅमेऱ्याने एका लग्नात हजारोंनी काढली जातात. फिल्मवर प्रत्येक वेळी बटण दाबण्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

खरी अडचण मात्र पैशाची नसून उजेडाची आहे. सहज मिळणारी रंगीत फिल्म २०० किंवा ४०० आयएसओ वेगाची असते आणि तिचे रंग दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेले असतात. डिसेंबरात रायपूरला साडेपाचपूर्वीच सूर्य मावळतो. उत्तरेकडील पद्धतीची वरात तर रात्रीच निघते. तेव्हाच्या पिवळ्या दिव्यांखाली हीच फिल्म चेहरे नारिंगी करते आणि फ्लॅश लावला तर मागची बाग काळोखात बुडते. मराठी कुटुंबांतही गोरज मुहूर्ताची आवड आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे नांदत आहेत, आणि तेथील यजमानाने गोरज मुहूर्त धरला, तर अंतरपाट दूर होण्याचा क्षण नेमका उजेड सरण्याच्या वेळी येतो. छायाचित्रकाराला तो एकदाच मिळतो. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदनक्षमता जागच्या जागी वाढवता येते. फिल्मच्या रोलला ती सोय नाही.

सकाळचा मुहूर्त असेल, तर चित्र पालटते. रंगीत निगेटिव्ह जादा उजेड बऱ्यापैकी सांभाळून घेते. उन्हातला पांढरा फेटा किंवा धोतर डिजिटल चित्रात कित्येकदा कोरे पडते, निगेटिव्हवर त्याचा पोत राहतो. उलट, उजेड कमी पडला की सावल्या गढूळ होतात. हिरवळीवरची हळद, सीमांतपूजन, सकाळची पंगत हे फिल्मचे खरे विषय. एक पथ्य मात्र पाळावे लागते. लाल किंवा पिवळ्या कापडाच्या मांडवातून गाळून येणारे ऊन सर्वांनाच रंगवून टाकते. छत पांढरे असलेले बरे. मंडपवाल्याला हे आधी सांगणारी घरे विरळाच!

रोल पूर्ण झाला तरी निम्मेच काम होते. रंगीत फिल्म सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानाच्या रसायनांत धुवावी लागते आणि हे काम नेमाने करणाऱ्या प्रयोगशाळा आता मोजक्या शहरांत उरल्या आहेत. त्यामुळे बहुतेक वेळा रोल परगावी पाठवावे लागतात. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहिलेली फिल्म त्याहून अधिक तापते आणि रंग बिघडतात. विमानाने नेल्यास आणखी एक धोका आहे. हातातील सामानासाठी काही विमानतळांवर बसवलेली सीटी पद्धतीची तपासणी यंत्रे न धुतलेल्या फिल्मवर धूसरपणा आणू शकतात. म्हणून रोल हाताने तपासण्याची विनंती करणे श्रेयस्कर. शिवाय सर्व रोल एकाच पाकिटातून पाठवणे म्हणजे अख्खे लग्न एका पाकिटावर सोपवणे होय.

हे सारे पाहता संपूर्ण लग्न फिल्मवर सोपवणे रायपुरात तरी धाडसाचे ठरेल. मुख्य काम डिजिटलवर ठेवून दिवसाच्या विधींसाठी दोन-तीन रोल राखून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो. फिल्मच्या बाजूने एक मुद्दा मात्र दुर्लक्षिता येणार नाही. मोबाईल आणि हार्ड डिस्कमधली हजारो छायाचित्रे बहुतेक घरांत कागदावर कधी उतरतच नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अल्बममधले रंगीत प्रिंट तांबूस पडले, तरी ज्यांनी निगेटिव्ह जपल्या त्यांना नवे प्रिंट काढण्याची सोय राहिली. आज अनेक ग्राहक स्कॅन केलेली चित्रे संगणकावर मिळाली की निगेटिव्ह परत मागायलाच विसरतात. त्या मागून घ्याव्यात आणि पावसाळ्यापूर्वी कोरड्या कपाटात ठेवाव्यात. दमट हवेत त्यांवर बुरशी धरते.